चार पंखांची माशी: प्रथिन शाबूत आहे, मग बिघडलं काय?

बारावी_बायो (कॉलेज रोड, नाशिक)

नमस्कार. मी अकरा वर्षं बारावीला जीवशास्त्र शिकवते आहे आणि गेल्या मंगळवारी एका प्रश्नावर वर्गात अडकले.

मानवी जीनोमचा भाग चालू होता. आपल्या डीएनएचा दोन टक्क्यांहून कमी भाग प्रथिनं बनवण्याच्या कामी येतो, उरलेल्याला पूर्वी 'जंक' म्हणत, आता त्यातला काही भाग जनुकांवर नियंत्रण ठेवतो असं कळलंय, एवढं सांगून मी दरवर्षी पुढे जाते. या वेळी जोडीला चार पंखांच्या ड्रोसोफिला माशीचा फोटो दाखवला. मखमलाबादहून येणाऱ्या एका मुलीने हात वर केला. "मॅडम, म्युटेशन म्हणजे प्रथिन बिघडणार. मग बिघडलेल्या प्रथिनातून अख्खे दोन नवे पंख कसे आले?" मी म्हटलं, अल्ट्राबायथोरॅक्स नावाचं जनुक बंद पडलं म्हणून. ती लगेच म्हणाली, "इतकं महत्त्वाचं जनुक बंद पडलं तर माशी जिवंत कशी राहिली?" तेवढ्यात तास संपला.

घरी येऊन वाचलं तर त्या माशीत बिघाड प्रथिनाच्या भागात नव्हताच, नॉन-कोडिंग भागात होता. पण कसा ते मला नीट उलगडलं नाही. लॅक ओपेरॉन, म्हणजे जिवाणूतली साखर पचवणारी जनुकं चालू-बंद होण्याची योजना, मी शिकवते, पण जिवाणू एका पेशीचा असतो. माशीच्या डोक्यात, पायात, पोटात तोच डीएनए आहे. मग 'आपण छातीच्या तिसऱ्या खंडात आहोत' हे त्या डीएनएच्या तुकड्याला कळतं कसं? सोमवारी त्या मुलीसमोर उभं राहायचं आहे. कुणी मराठीत समजावून सांगेल का?

---

गोदाकाठ (पंचवटी)

मॅडम, तिच्या दुसऱ्या प्रश्नातच उत्तराची किल्ली आहे, हे तिला आवर्जून सांगा. अल्ट्राबायथोरॅक्सचं प्रथिन शरीरात कुठेच बनलं नाही तर माशी होतच नाही, अळी लहानपणीच मरते. चार पंखांची माशी जगते, कारण तिचं प्रथिन ठणठणीत आहे. ते फक्त एका ठिकाणी, छातीच्या तिसऱ्या खंडात, बनवलं जात नाही.

आधी माझी ओळख. मी शास्त्रज्ञ नाही. मुंबईत माश्यांच्या एका प्रयोगशाळेत २६ वर्षं टेक्निशियन होतो, निवृत्तीनंतर पंचवटीत घरी परत आलो. मक्याचं पीठ, साखर, यीस्ट आणि अगार शिजवून बाटल्या भरायच्या, दोन-तीन आठवड्यांनी प्रत्येक वाण नव्या बाटलीत हलवायचा, अंडी गोळा करायची, हे माझं काम. अंडी घ्यायला द्राक्षाच्या रसात अगार घालून बशा ओततात, मध्ये यीस्टचा ठिपका लावतात, माद्या रात्रीतून त्यावर अंडी घालतात. जे काही मला कळतं ते पीएचडीच्या मुलामुलींनी मायक्रोस्कोपवरून बाजूला होऊन "काका, हे बघा" म्हणत दाखवलेलं आहे.

त्यातलं मी पहिल्यांदा पाहिलेलं सांगतो, कारण तुमच्या 'कळतं कसं'चं उत्तर तिथे आहे. तीन तासांचं भ्रूण, लांबी जेमतेम अर्धा मिलिमीटर. पातळ ब्लीचमध्ये दोन-तीन मिनिटं ठेवून वरचं कवच काढलेलं, मग एका प्रथिनासाठी रंगवलेलं. भिंगाखाली भ्रूणावर सात तपकिरी पट्टे, पैठणीच्या काठासारखे आखीव. अजून डोकं नाही, पाय नाहीत, काहीच नाही, आणि पट्टे मात्र तयार. ते प्रथिन 'इव्हन-स्किप्ड' नावाच्या जनुकाचं.

मला वाटलं, सात पट्टे आहेत तर 'पट्टे काढ' अशी एकच काहीतरी आज्ञा असणार. तसं नाही. जनुक एकच आहे आणि त्याच्या दोन्ही बाजूंच्या नॉन-कोडिंग डीएनएत वेगवेगळे तुकडे आहेत. दुसऱ्या पट्ट्याचा तुकडा वेगळा, पहिल्याचा वेगळा, पाचव्याचा वेगळा, तिसऱ्या आणि सातव्याचा मिळून एक, चौथ्या आणि सहाव्याचा मिळून एक. या तुकड्यांना एन्हान्सर म्हणतात. दुसऱ्या पट्ट्याचा एन्हान्सर सगळ्यात जास्त अभ्यासला गेला. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला माइक लेव्हिन आणि स्टीफन स्मॉल यांनी तो डीएनएच्या ४८० अक्षरांपर्यंत नेमका पकडला. ताडून पाहण्याची रीत अगदी सरळ होती. तेवढाच तुकडा कापायचा, जिवाणूच्या लॅकझेड जनुकापुढे जोडायचा (तुमच्या लॅक ओपेरॉनमधलंच जनुक, मॅडम) आणि माशीच्या डीएनएत घालायचा. त्या माशीच्या भ्रूणात लॅकझेड फक्त दुसऱ्या पट्ट्याच्या जागी चालू झालं. जिवाणूच्या जनुकाला पट्टा काय माहीत? पट्टा कुठे काढायचा ते सगळं त्या ४८० अक्षरांत होतं.

आता त्या अक्षरांत आहे काय? बसायच्या जागा. लॅक ओपेरॉनमध्ये रिप्रेसर (जनुक बंद करणारं प्रथिन) बसायची जागा असते, तशा इथे बारा. पाच जागा बायकॉइड प्रथिनाच्या, एक हंचबॅकची, तीन जायंटच्या, तीन क्रुपेलच्या. पहिली दोन जनुक चालू करतात, पुढची दोन बंद करतात. ही प्रथिनं भ्रूणात सगळीकडे सारखी नसतात. आई अंड्याच्या डोक्याकडच्या टोकाला बायकॉइडचा संदेश-आरएनए ठेवून देते. सुरुवातीची १३ विभाजनं नुसत्या केंद्रकांची होतात, मध्ये पेशीपटलं नसतात, त्यामुळे तिथे बनलेलं प्रथिन मोकळेपणाने पसरतं. डोक्याकडे दाट, शेपटीकडे विरळ, पाण्याच्या ग्लासात शाईचा थेंब सोडल्यासारखं. हंचबॅक पुढच्या अर्ध्या भागात असतं. जायंटचा एक पट्टा डोक्याकडे, क्रुपेलचा मधोमध. जिथे बायकॉइड आणि हंचबॅक पुरेसं आहे आणि जायंटही नाही, क्रुपेलही नाही, अशी एकच अरुंद फट उरते. तोच दुसरा पट्टा.

म्हणजे त्या तुकड्याला जागा 'कळत' नाही. तो ज्या केंद्रकात आहे तिथे कोणती प्रथिनं किती आहेत, एवढंच तो बघतो. आईला बायकॉइड जनुकाच्या जादा प्रती दिल्या तर डोक्याची खूण मागे सरकते. जायंटच्या बसायच्या जागा बिघडवल्या तर पट्टा डोक्याकडे फाकतो. प्रथिनाचं एक अक्षरही बदललेलं नसतं.

आता तुमची चार पंखांची माशी. ज्या बायथोरॅक्स संकुलात हे जनुक आहे ते सुमारे तीन लाख अक्षरांचं, आणि त्यात प्रथिनांची जनुकं फक्त तीन: अल्ट्राबायथोरॅक्स, अब्डॉमिनल-ए आणि अब्डॉमिनल-बी. बाकी जवळजवळ सगळी जागा स्विचेसची, म्हणजे एन्हान्सरसारख्या तुकड्यांची. ते स्विच गुणसूत्रावर ज्या क्रमाने आहेत, साधारण त्याच क्रमाने शरीराचे खंड सांभाळतात. एडवर्ड लुईस यांनी हे कित्येक दशकं नुसत्या माश्यांच्या संकरांवरून ओळखत आणलं, डीएनए वाचायची सोय नव्हती तेव्हापासून. त्यांचा मोठा लेख १९७८चा आणि नोबेल १९९५चं, क्रिस्टियाने न्युस्लाइन-फोलहार्ड आणि एरिक विशाउस यांच्यासोबत. आमच्या प्रयोगशाळेत भिंतीवर त्या माशीचा फोटो होता. तो बघत मी इतकी वर्षं डबा खाल्ला, म्हणून हा विषय माझ्या फार जवळचा.

माशीला पंखांची एकच जोडी असते. मागच्या जोडीच्या जागी अगदी बारीक असे दोन संतोलक असतात, उडताना तोल सांभाळणारे. त्या खंडात अल्ट्राबायथोरॅक्स चालू असतं आणि ते पंख होऊ देत नाही. चार पंखांच्या माशीत तीन बिघाड एकत्र आणलेले असतात आणि तिन्ही त्या खंडाच्या स्विचेसमध्ये. बायथोरॅक्स आणि त्याच्या शेजारचा अँटेरोबायथोरॅक्स या बिघाडांनी संतोलकाचा पुढचा भाग पंखासारखा होतो, पोस्टबायथोरॅक्सने मागचा. तिन्ही जुळले की पूर्ण पंख. बाकीच्या खंडांतले स्विच शाबूत, म्हणून बाकी शरीर नीट आणि माशी जिवंत.

आणखी एक गोष्ट, कारण ती मुलगी विचारणारच. ते पट्टे काही तासांत विरतात, मग दहाव्या दिवशी कोषातून निघणाऱ्या माशीला आपला खंड कोणता हे आठवतं कसं? त्यासाठी पॉलिकोम्ब गटाची प्रथिनं असतात. सुरुवातीला बंद राहिलेला स्विच ती आवळून बंद ठेवतात, पेशी विभागली तरी. ट्रायथोरॅक्स गटाची प्रथिनं चालू असलेला चालू ठेवतात.

हे फार लांबलं, पण याहून कमी सांगितलं असतं तर त्या मुलीने पुन्हा अडवलं असतं.

---

दिंडोरी_बागायत

काका, आमच्याकडे फळमाशी म्हणजे आंबा, पेरू, दोडक्यात अळ्या करणारी. तिच्यासाठी आम्ही सापळे टांगतो. तुम्ही म्हणता ती वेगळी दिसते.

पण ते पट्ट्याचं मला समजलं. आमच्या विहिरीवरच्या स्टार्टरसारखं आहे. थ्री फेज लाईट पाहिजे आणि विहिरीत पाणी पाहिजे, तरच मोटर चालू. ओव्हरलोड झालं किंवा टाकी भरली तर बंद. मोटर चांगली असून उपयोग नाही, पॅनल बिघडलं तर प्लॉट कोरडा.

एक विचारतो. माझ्याकडे थॉमसन आहे आणि शेजारी शरद सीडलेस, काळी. वेल बघितला तर फार फरक नाही. हा काळ्या-पांढऱ्याचा फरकसुद्धा असाच स्विचचा असतो का?

---

गोदाकाठ (पंचवटी)

दादा, बरोबर ओळखलंत, ती माशी वेगळी. ही म्हणजे पिकलेल्या केळ्यावर, फुटलेल्या घडावर घोंगावणारं चिलट. आणि स्टार्टरचं उदाहरण माझ्या पैठणीपेक्षा चांगलं आहे, मॅडमनी तेच वापरावं. फक्त एक भर घालतो: इथे एका मोटरला पाच-सहा पॅनल जोडलेली असतात आणि प्रत्येक पॅनल वेगळ्याच प्लॉटसाठी तिला चालू करतं. शिवाय पॅनल मोटरला खेटून असावं लागत नाही. डीएनए सुतळीसारखा वळतो आणि लांबचा एन्हान्सर जनुकाजवळ येतो.

द्राक्षाचं उत्तर हो, बऱ्याच अंशी तसंच. सालीत काळा-लाल रंग तयार करायचा हुकूम देणारं एक जनुक आहे. २००४ साली जपानी संशोधकांनी दाखवलं की पांढऱ्या जातींत या जनुकाच्या अगदी तोंडाशी, चालू व्हायच्या जागी, सुमारे दहा हजार अक्षरांचा एक उपरा तुकडा येऊन बसलेला आहे. जनुकाचा मजकूर तसाच, पण ते चालूच होत नाही, म्हणून रंग नाही. त्याच्या शेजारी त्याचंच एक भावंड जनुक आहे, ते पांढऱ्या जातींत मजकुरातच बिघडलेलं आहे. दोन्ही गेली म्हणून साल पांढरी. इटालिया नावाच्या पांढऱ्या जातीच्या एका फांदीला लाल घड आले, त्यातून रुबी ओकुयामा ही जात निघाली. तिच्यात तो उपरा तुकडा बहुतेक निघून गेलेला सापडला, फक्त एक टोक मागे राहिलं होतं. जनुक पुन्हा बोलायला लागलं.

आता जे वाचून मला त्या दिवशी झोप लागली नाही ते सांगतो. असे उपरे तुकडे डीएनएत एका जागेवरून दुसरीकडे उड्या मारतात, त्यांची घराणी असतात, आणि द्राक्षातला तो तुकडा 'जिप्सी' घराण्यातला. माशीत जो जिप्सी असतो तो त्याच घराण्याचा, आणि चार पंखांच्या माशीतला बायथोरॅक्सचा बिघाड त्या जिप्सीनेच केलेला आहे. तो अल्ट्राबायथोरॅक्सच्या आत, प्रथिनाच्या मजकुराबाहेर जाऊन बसला आणि स्विच आणि जनुक यांच्यामध्ये आडवा आला. तुमच्या बागेतला पांढरा घड आणि आमच्या भिंतीवरचा तो फोटो, दोन्हीकडे एकाच घराण्याचा पाहुणा.

---

बालरोग_नाशिकरोड

मी डॉक्टर आहे, माझ्याकडून एक भर. अंगठ्याच्या बाजूला जादा बोट असलेली बाळं आमच्याकडे अधूनमधून येतात, आणि काही घराण्यांत ते पिढ्यान्‌पिढ्या चालतं. अशा काही कुटुंबांत दोष सॉनिक हेजहॉग नावाच्या जनुकाच्या स्विचमध्ये सापडला, २००३ मध्ये. स्विच जनुकापासून जवळपास दहा लाख अक्षरं लांब आहे, तोही दुसऱ्याच एका जनुकाच्या पोटात, आणि बदल एका अक्षराचा. प्रथिन पूर्ण नॉर्मल. हेजहॉग हे नावही ते जनुक बिघडलेल्या माशीच्या अळीवरूनच आलंय, तिच्या अंगावर काटेच काटे दिसायचे म्हणून. करंगळीच्या बाजूचं जादा बोटही आढळतं, पण त्याची कारणं बहुधा वेगळी असतात, तेव्हा वर्गात दोन्ही एकत्र करू नका. आणि आई-वडिलांना ग्रहणाचा दोष वगैरे सांगणारे भेटतात, त्यांच्यासमोर ठेवायला हे एक अक्षर पुरेसं आहे.

---

एमपीएससी_२७

म्हणजे जंक डीएनए ही चुकीची कल्पना होती, सगळा डीएनए उपयोगाचाच असतो, असं म्हणायचं का? आमच्या क्लासच्या नोट्समध्ये तसंच लिहिलंय.

---

गोदाकाठ (पंचवटी)

नाही, तसं लिहू नका. लासलगावचा कांदा आठवा. कांद्याच्या एका पेशीतला डीएनए माणसाच्या पेशीतल्या डीएनएच्या सुमारे पाचपट असतो. सगळा डीएनए कामाचा असेल तर कांद्याला आपल्या पाचपट सूचना कशाला लागतात? हा प्रश्न जीवशास्त्रात 'ओनियन टेस्ट' म्हणूनच ओळखला जातो. कांद्यातला बहुतेक डीएनए म्हणजे त्याच उड्या मारणाऱ्या तुकड्यांच्या प्रती. माशीचा सगळा डीएनए साधारण १८ कोटी अक्षरांचा, प्रथिनांची जनुकं १४ हजारांच्या आसपास. तिचं घर आटोपशीर आहे, तरी तिच्यातही निरुपयोगी भाग आहेत. नॉन-कोडिंग म्हणजे नियामक, असं समीकरण नाही. एखादा तुकडा काम करतो की नाही हे कापून, जोडून, माशीत घालून बघावं लागतं, आणि त्यात एकेका विद्यार्थ्याची वर्षं जातात. मी ती जाताना पाहिली आहेत.

त्यातही फसगत होते. तुकडा काढून टाकला आणि काहीच बिघडलं नाही, म्हणजे तो निरुपयोगी असंही नसतं. अळीच्या पाठीवरचे बारीक केस ठरवणारं शेव्हनबेबी नावाचं जनुक आहे. त्याचे काही एन्हान्सर काढून टाकले तरी नेहमीच्या तापमानाला अळ्या जवळजवळ ठीक वाढल्या. फार थंड आणि फार गरम जागी ठेवल्यावर केस कमी झाले. हे २०१० सालचं काम. अशा राखीव स्विचेसना शॅडो एन्हान्सर म्हणतात. दादांच्या भाषेत, निफाडची थंडी पडेपर्यंत दुसऱ्या पॅनलची किंमत कळत नाही.

मॅडम, वर्गात दाखवायला एक सोपं सुचवतो. पिकलेलं केळं बाटलीत ठेवा, चिलटं आली की तोंडाला मलमल बांधा. बाटली बर्फात ठेवली की ती गारठून पडतात. दहापट भिंगाखाली संतोलक दिसतात, आधी ते बघू द्या. मग पोटाचं टोक. ड्रोसोफिला मेलानोगास्टरच्या नराचं टोक काळं असतं, मादीचं पट्टेरी. काळा रंग बनवायची जनुकं दोघांत सारखीच. मादीत ब्रिक-ए-ब्रॅक नावाचं जनुक तिथे चालू राहतं आणि रंग अडवतं. त्याच्या स्विचवर दोन प्रथिनांच्या जागा असतात. एक सांगतं 'आपण पोटाच्या मागच्या खंडात आहोत', ते अब्डॉमिनल-बी. दुसरं सांगतं 'आपण नर की मादी', ते डबलसेक्स. दोन्ही वाचून निर्णय होतो. फक्त घरातली सगळी चिलटं एकाच जातीची नसतात, काही जातींत नराचं टोक काळं नसतंच, हे आधी सांगून ठेवा.

---

बारावी_बायो (कॉलेज रोड, नाशिक)

सगळ्यांचे मनापासून आभार. सोमवारी स्टार्टरपासून सुरुवात केली. वर्गात निम्मी मुलं शेतकऱ्यांच्या घरची, त्यांना क्षणात कळलं. एका मुलाने तर फळ्यावर येऊन बायकॉइडच्या जागी 'लाईट' आणि जायंटच्या जागी 'टाकी फुल' लिहिलं. माशी जिवंत का राहिली याचं उत्तर मी दिलंच नाही, त्या मुलीने स्वतः दिलं.

आज बाटली उघडली. तिने २३ चिलटं मोजली. काळ्या टोकाची नऊ, पट्टेरी टोकाची अकरा. तीन अशी निघाली की त्यांचं टोक काळंही नाही आणि नीट पट्टेरीही नाही, सगळं अंगच फिकट. ती म्हणते, या तिघांचा स्विच बिघडलाय. मी हो म्हणायच्या आधी इथे विचारते आहे.

---

गोदाकाठ (पंचवटी)

थांबा मॅडम, अजून हो म्हणू नका. कोषातून नुकतीच निघालेली माशी अशीच फिकट असते, नर असो वा मादी, रंग चढायला काही तास लागतात. ती तिन्ही वेगळ्या बाटलीत केळ्याच्या फोडीवर ठेवा आणि उद्या सकाळी तिलाच पुन्हा मोजू द्या. तरीही एखादं फिकटच राहिलं तर मला लगेच कळवा, मी भिंग घेऊन कॉलेज रोडला येतो.